यादी म्हणजे माणसं: लहान व्यवसायासाठी ईमेल



मी फौजेतून निवृत्त झालेला माणूस. मार्केटिंगवर बोलायला मी उभा आहे हे माझ्या कोर्समेट्सना कळलं, तर ते पोट धरून हसतील. पण गेली काही वर्षं इंदूरला माझी पत्नी घरून दिवाळीचा फराळ आणि सणासुदीचे पदार्थ करून विकते आणि त्या व्यवसायातला पत्रव्यवहार माझ्याकडे आहे. लाडू तिचे, ईमेल माझी. त्यामुळे आज जे सांगणार आहे ते पुस्तकातून आलेलं कमी आणि चुकांमधून आलेलं जास्त आहे. सुरुवातही एका चुकीपासूनच करतो.

आमची दुसरी दिवाळी होती. ओळखीतली पन्नास-साठ घरं ऑर्डर देत होती, ती वाढावीत असं वाटत होतं. माझ्या संगणकात माजी अधिकाऱ्यांच्या एका जुन्या मेळाव्यासाठी गोळा केलेली पत्त्यांची यादी पडून होती. साडेतीनशेच्या आसपास पत्ते होते. मी म्हटलं, आपलीच माणसं आहेत, कळवायला काय हरकत आहे? सगळे पत्ते उचलले, ‘टू’च्या रकान्यात चिकटवले, सब्जेक्टमध्ये लिहिलं, ‘दिवाळी धमाका!!! खास सवलत!!!’, खाली फराळाचं एक रंगीबेरंगी पोस्टर जोडलं आणि त्यावर मोठ्या अक्षरांत टाकलं, ‘या दिवाळीला घरच्यांना खूश करा’. बटण दाबलं आणि चहा प्यायला गेलो.

परत येईपर्यंत आठ उत्तरं आली होती. एकाने ‘रिप्लाय ऑल’ करून विचारलं होतं की माझा पत्ता तुम्हाला दिला कुणी? दुसऱ्याने सगळ्यांना लिहिलं होतं, ‘मलाही काढा.’ तिसऱ्याने सगळ्यांनाच सुनावलं होतं की ‘रिप्लाय ऑल’ करू नका. दोन दिवस हे चाललं. ऑर्डर आल्या तीन.

चौथ्या दिवशी एक छोटी ईमेल आली, फक्त मला. एका बाईंनी लिहिलं होतं की तुमची ईमेल माझ्या यजमानांच्या पत्त्यावर आली. ते चैत्रात गेले. बँकेची कामं त्या पत्त्यावर असल्यामुळे मी तो अजून उघडते. त्यांना बेसनाचे लाडू फार आवडायचे. कृपया त्यांचं नाव यादीतून काढा.

मी त्यांना ओळखत होतो. एका हिवाळ्यात आम्ही एकाच ठाण्यावर होतो. ते गेल्याचं मला माहीत नव्हतं. आणि खरी गोष्ट सांगायची तर ती यादी मी वाचलीच नव्हती. नुसती कॉपी केली होती.

फौजेत रोज सकाळी ‘परेड स्टेट’ बनते. तुकडीत एकूण किती, हजर किती, रजेवर किती, इस्पितळात किती, कोर्सवर किती. बेरीज जुळली पाहिजे, आणि त्या आकड्यामागचा प्रत्येक माणूस कुठे आहे ते सांगता आलं पाहिजे. न तपासलेली परेड स्टेट पुढे पाठवणाऱ्या तरुण अधिकाऱ्याला मी स्वतः फैलावर घेतलेलं आहे. आणि साठीला आल्यावर फराळ विकायच्या घाईत मी नेमकं तेच केलं होतं.

म्हणून आजच्या बोलण्याचा गाभा आधीच सांगून टाकतो. ईमेलचा पत्ता आपल्या मालकीचा नसतो. तो समोरच्या माणसाने विश्वासाने आपल्याला वापरायला दिलेला असतो. किराणा, चष्मे, पुस्तकं, क्लास, गॅरेज, काहीही चालवत असा, ज्यांनी स्वतःहून पत्ता दिला त्यांनाच लिहा आणि त्यांच्या उपयोगाचं लिहा. बाकी सगळी तंत्रं याच्या मागून येतात.

माझ्यासारखी चूक करणारा मी पहिला नाही, हे नंतर वाचनात आलं तेव्हा थोडा धीर आला. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीच्या गॅरी थर्क या विक्री अधिकाऱ्याने अर्पानेटवरच्या जवळपास चारशे जणांना एकच जाहिरात पाठवली. अर्पानेट म्हणजे आजच्या इंटरनेटचं पूर्वरूप. नव्या संगणकाचं प्रात्यक्षिक बघायला या, एवढाच मजकूर होता. पत्त्यांची यादी इतकी लांब झाली की ती खाली मजकुरातही सांडली. लोक भडकले, तक्रारी झाल्या. आज जिला आपण स्पॅम म्हणतो त्यातली ही पहिली ईमेल मानली जाते. १९७८ मध्ये जे लोकांना आवडलं नाही ते आजही आवडत नाही. तेव्हा यादी विकत घेऊ नका. कुणी पेन ड्राइव्हमध्ये ‘शहरातले पन्नास हजार पत्ते’ घेऊन आला, तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

आता तुम्ही विचाराल, आपल्याकडे सगळं व्हॉट्सॲपवर चालतं, मग ईमेल हवीच कशाला? प्रश्न रास्त आहे. आमच्याही रोजच्या ऑर्डर व्हॉट्सॲप आणि फोनवरच येतात. भाजीवाल्याला किंवा कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला ईमेलची गरज नाही. पण तीन ठिकाणी ईमेल कामाला येते.

पहिलं, बाहेरगावचं गिऱ्हाईक. आमच्याकडे फराळ खातात इंदूरचे आई-वडील, पण ऑर्डर देतो बेंगळुरूचा नाहीतर पुण्याचा मुलगा. तो दिवसभर कामात असतो आणि संध्याकाळी निवांत ईमेल बघतो. व्हॉट्सॲपचा संदेश तोवर चाळीस शुभेच्छांखाली गाडला गेलेला असतो. ईमेल पुढच्या वर्षीही शोधली की सापडते.

दुसरं, कचेऱ्या आणि संस्था. दिवाळीला कर्मचाऱ्यांना डबे द्यायचे असतील, तर कंपनीतला माणूस दरपत्रक ईमेलवरच मागतो, कारण त्याला ते वरिष्ठांकडे पाठवायचं असतं. तिथे नीट लिहिलेली ईमेल म्हणजे तुमच्या दुकानाची पाटी.

तिसरं, यादी तुमच्याजवळ राहते. व्हॉट्सॲपच्या एका ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणच बसतात, आणि ज्याने तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवला असेल त्यालाच तो संदेश पोचतो. उद्या खातं बंद झालं, फोन हरवला, तर सगळं गेलं. ईमेलचे पत्ते मात्र वहीत लिहून ठेवता येतात. पाठवण्याची सेवा बदलली तरी वही तुमचीच.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. यादी बनवायची कशी?

ती साडेतीनशेची यादी मी पुसून टाकली आणि शून्यापासून सुरुवात केली. फराळाच्या प्रत्येक डब्यासोबत एक चिठ्ठी जाऊ लागली. तिच्यावर असतं, ‘पुढच्या वेळी ऑर्डर सुरू झाल्या की कळवू का? ईमेल पत्ता. कोणत्या भाषेत लिहू: मराठी, हिंदी, इंग्रजी? वर्षात सहापेक्षा जास्त ईमेल येणार नाहीत. नको झालं तर एका ओळीत कळवा, लगेच बंद करू.’ बस. पहिल्या दिवाळीला अशा ४३ चिठ्ठ्या परत आल्या. साडेतीनशेवरून त्रेचाळीस! पत्नीने विचारलं, ‘एवढ्यावर भागेल?’ त्या त्रेचाळिसांपैकी एकोणीस जणांनी पुढच्या वर्षी ऑर्डर दिली. आधीच्या साडेतीनशेंनी दिलेल्या तीन आठवा.

भाषेचा प्रश्न मुद्दाम ठेवलाय. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांत हा अनुभव सगळ्यांनाच असेल. इंदूर असो, बडोदा असो, हैदराबाद असो, घरात मराठी बोलतात, पण तिसऱ्या पिढीला देवनागरीतली मराठी वाचायला वेळ लागतो. काहींना हिंदी सोपी जाते, काहींना इंग्रजी. आणि आमची अनेक गिऱ्हाइकं मुळात मराठी नाहीतच, त्यांना चकली आवडते म्हणून ती येतात. मी एकच मजकूर तीन भाषांत लिहितो. तास-दीड तास जास्त जातो, पण समोरच्याला आपण त्याच्याशी बोलतोय असं वाटतं.

कायद्याच्या बाजूनेही हेच बरोबर आहे. २०२३ मध्ये आपल्या संसदेने डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा केला. त्यातली संमतीची कल्पना साधी आहे. संमती मोकळेपणाने दिलेली हवी, कशासाठी दिली ते स्पष्ट हवं, आणि देणं जितकं सोपं तितकंच ती मागे घेणंही सोपं हवं. म्हणजे बिलासाठी घेतलेला पत्ता गुपचूप जाहिरातीला वापरायचा नाही. ‘बिल ईमेल करू का?’ आणि ‘नवीन माल आला की कळवू का?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, तेव्हा ते वेगळे विचारा. आणि चिठ्ठ्या लिहून घेतलेली वही जपून ठेवा, गल्ल्यावर उघडी टाकू नका. तिच्यात लोकांची नावं आहेत.

यादी झाली. आता लिहायचं काय?

फौजेत बिनतारी संदेशावर त्याची निकड लिहिलेली असते. अगदी तातडीचा असेल तर ‘फ्लॅश’, साधा असेल तर ‘रुटीन’, मधल्या पायऱ्या वेगळ्या. प्रत्येकच संदेशावर फ्लॅश लिहिणारा अधिकारी असला की सिग्नलवाले काही दिवसांत त्याचे संदेश ओळखू लागतात आणि मग खरोखरच आग लागली तरी कुणी धावत नाही. ‘दिवाळी धमाका!!!’ हा असा फ्लॅश होता. प्रत्येक दुकानाचा धमाका, प्रत्येकाची शेवटची संधी. वाचणाऱ्याने विश्वास कुणावर ठेवायचा?

आता मी सब्जेक्टमध्ये कामाची गोष्ट लिहितो. ‘फराळ: बाहेरगावच्या ऑर्डर १० तारखेपर्यंत’. फोनच्या पडद्यावर सब्जेक्टचे पहिले पाच-सहा शब्दच दिसतात, म्हणून मुख्य शब्द आधी. आणि आत मजकूर साधारण असा असतो:

‘नमस्कार. गेल्या वर्षी तुम्ही आमच्याकडून फराळ घेतला होता. यंदा बाहेरगावी पाठवायच्या ऑर्डर आम्ही १० तारखेपर्यंत घेत आहोत. त्यानंतर कुरियरकडे गर्दी होते आणि डबा दिवाळीआधी पोचेल याची खात्री आम्हाला देता येत नाही. चकली, चिवडा, शंकरपाळे आणि बेसन लाडू पाठवता येतील. ओल्या नारळाच्या करंज्या प्रवासात टिकत नाहीत, त्या फक्त इंदूरमध्येच देतो. यंदा अनारसे नाहीत, ते करणाऱ्या बाई गावी गेल्या आहेत. दर खाली दिले आहेत. ऑर्डरसाठी याच ईमेलला उत्तर द्या किंवा फोन करा.’

यात काय आहे बघा. तारीख आहे. तारखेचं कारण आहे. काय मिळेल ते आहे आणि काय मिळणार नाही तेही आहे. अनारसे नाहीत हे लिहू नये असं मला सुरुवातीला वाटलं होतं. पत्नी म्हणाली, ‘लिहा. नाहीतर लोक फोन करून विचारतील आणि मला दर वेळी नाही म्हणावं लागेल.’ लिहिलं. लोकांनी ते मनावर घेतलं नाही. उलट दोघातिघांनी उत्तरात विचारलं की बाई बऱ्या आहेत ना?

उत्तर येणं ही छोट्या दुकानाची ताकद आहे. मोठ्या कंपन्यांच्या ईमेलवर लिहिलेलं असतं, ‘या पत्त्यावर उत्तर देऊ नये.’ तुम्ही हे कधी करू नका. तुमच्या ईमेलला उत्तर दिलं की दुकानातल्या माणसापर्यंत पोचतं, हे गिऱ्हाइकाला कळू द्या. आणि उत्तर आलं की त्याच दिवशी परत लिहा, एक ओळ का होईना.

पोस्टरबद्दल एक सूचना. संपूर्ण मजकूर चित्रात घालून पाठवू नका. कित्येकांच्या फोनवर चित्रं आपोआप उघडत नाहीत, म्हणजे त्यांना रिकामा चौकोन दिसतो. ज्येष्ठांना चित्रातली बारीक अक्षरं मोठी करून वाचता येत नाहीत. तारीख, दर, फोन नंबर हे साध्या अक्षरांत लिहा. फोटो द्यायचाच असेल, तर तुमच्या स्वतःच्या ताटाचा एक द्या. इंटरनेटवरून उचललेला नको, कारण डबा उघडल्यावर लाडू फोटोतल्यासारखा दिसला नाही तर भरवसा जातो.

तुमचा धंदा फराळाचा नसेल, तर उपयोगी ईमेल कोणती? समजा तुमचं चष्म्याचं दुकान आहे. नंबर तपासून वर्ष झालं की एक ओळ पाठवा, ‘डोळे तपासून वर्ष झालं, सवडीने या.’ गॅरेज असेल, तर गाडीच्या विम्याची आणि पीयूसीची मुदत संपण्याआधी आठवण करा. शाळेच्या गणवेशाचं दुकान असेल, तर मे महिन्यात कळवा की कोणत्या शाळेचा कपडा आला आणि कोणते माप संपत आलंय. पुस्तकाचं दुकान असेल, तर तुम्ही स्वतः वाचलेल्या एका नव्या पुस्तकाबद्दल चार ओळी लिहा. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. ईमेल वाचून गिऱ्हाइकाचं काहीतरी काम होतं, मग त्या दिवशी त्याने खरेदी केली नाही तरी चालेल.

किती वेळा पाठवायची? आमचं वर्ष सणांवर चालतं. संक्रांतीचा तिळगूळ, गुढीपाडव्याचं श्रीखंड, गणपतीचे मोदक, आणि दिवाळीच्या दोन ईमेल. एक ऑर्डर सुरू झाल्याची, एक शेवटच्या तारखेच्या तीन दिवस आधी. झाल्या पाच. सहाचं वचन दिलंय, म्हणून एक राखीव ठेवतो. एका वर्षी कुरियरचे डबे अडकले होते, तेव्हा ती कामाला आली. सगळ्यांना एकाच वेळी कळवलं की उशीर होणार आहे, ज्यांना पैसे परत हवेत त्यांनी सांगावं. चौघांनी परत मागितले. बाकीचे थांबले. राखीव कुमक अशाच वेळेसाठी असते.

आता थोडं तांत्रिक. घाबरू नका, मीही घाबरलो होतो.

तीस-चाळीस जणांपर्यंत तुमच्या नेहमीच्या खात्यातून लिहिलंत तरी चालेल, पण पत्ते ‘बीसीसी’च्या रकान्यात घाला. तिथे घातलेले पत्ते एकमेकांना दिसत नाहीत. माझ्या दोन दिवसांच्या त्या गोंधळावर एवढाच उपाय होता. साध्या जीमेल खात्यातून दिवसाला ५०० पेक्षा जास्त जणांना पाठवता येत नाही, आणि तिथवर जाऊही नये. यादी वाढली की ईमेल पाठवण्यासाठीच बनवलेली सेवा घ्या. मेलचिंप आहे, ब्रेव्हो आहे, आपल्या चेन्नईच्या झोहोची कॅम्पेन्स आहे. लहान यादीला त्यांची फुकटची योजना सुरुवातीला पुरते. प्रत्येकाला वेगळी ईमेल जाते, आणि खाली ‘अनसबस्क्राइब’चा दुवा आपोआप येतो. तो दुवा बारीक अक्षरांत लपवू नका. ज्याला जायचंय त्याला दार सापडलं नाही, तर तो ‘स्पॅम’चं बटण दाबतो आणि त्याचा त्रास पुढे तुमच्या सगळ्या ईमेलना होतो.

दुसरं म्हणजे स्वतःच्या नावाचं डोमेन घ्या. वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आसपास खर्च येतो. मग तीन अक्षरगट तुमच्या कानावर पडतील: एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क. ही पहारा चौकी समजा. एसपीएफ म्हणजे तुमच्या नावाने टपाल आणायला कोणकोणत्या गाड्यांना परवानगी आहे त्याची यादी. डीकेआयएम म्हणजे पाकिटावरची लाखेची मोहोर, वाटेत कुणी उघडून बदललं तर कळतं. आणि डीमार्क म्हणजे पहारेकऱ्याला दिलेला आदेश, की गाडी यादीत नसेल आणि मोहोरही तुटलेली असेल तर आत सोडायचं, बाजूला ठेवायचं की परत पाठवायचं. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू यांनी हे नियम कडक केले. प्रत्येक पाठवणाऱ्याकडे एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक हवंच. दिवसाला पाच हजारांहून जास्त ईमेल पाठवणाऱ्यांना तिन्ही हवीत, वर एका क्लिकमध्ये बाहेर पडण्याची सोयही हवी. आपण पाच हजारांच्या जवळपासही नाही, तरी तिन्ही करून घ्या. सेवेच्या संकेतस्थळावर पायऱ्या दिलेल्या असतात. मला एक दुपार लागली आणि शेजारच्या कॉलेजकुमाराची मदत. मोबदला म्हणून अर्धा किलो चकली.

त्याच नियमांत स्पॅमच्या तक्रारींची मर्यादा आहे ०.३ टक्के. म्हणजे हजार ईमेलमागे तीन तक्रारी. एवढं बारीक प्रमाण! विकत घेतलेल्या यादीवर पहिल्या तासातच ही मर्यादा ओलांडली जाते. म्हणजे ज्याने मागितलं त्यालाच लिहा, हे आता यंत्रही सांगायला लागलंय.

यश मोजायचं कसं? ही सेवा तुम्हाला सांगेल की इतक्या टक्के लोकांनी ईमेल उघडली. त्या आकड्यावर फार विसंबू नका. २०२१ पासून ॲपलच्या मेलमध्ये अशी सोय आहे की वाचणाऱ्याने ईमेल उघडली नाही तरी ती उघडल्यासारखी नोंद होऊ शकते. मी तीन गोष्टी मोजतो. ऑर्डर किती आल्या, उत्तरं किती आली, आणि सोडून किती गेले. गेल्या दिवाळीला २१८ जणांना ईमेल गेली, ६१ ऑर्डर आल्या, पाच जण यादीतून गेले. त्या पाचांचं मला वाईट वाटत नाही. एकाने लिहिलं होतं की घरात मधुमेह निघाला, आता गोड बंद. त्याला आम्ही यादीतून काढलं आणि तब्येतीची काळजी घ्या असं लिहिलं. तिथे ‘आमच्याकडे साखरेविना लाडूही मिळतात’ असं लिहायचा मोह झाला होता. आवरला.

शेवटचं काम यादी स्वच्छ ठेवण्याचं, आणि ते कधी संपत नाही. जे पत्ते परत येतात ते काढा. दोन वर्षं ज्याच्याकडून काहीच हालचाल नाही त्याला एकदा विचारा, ‘अजून कळवत राहू का?’ उत्तर नाही आलं, तर थांबवा. आणि ज्यांनी नको म्हटलं त्यांची एक वेगळी यादी ठेवा. नुसतं नाव पुसून भागत नाही, कारण चार महिन्यांनी एखादी जुनी वही सापडते, आपण ती उत्साहाने यादीत भरतो आणि नको म्हटलेल्या माणसाला पुन्हा ईमेल जाते. ‘यांना कधीही पाठवायचं नाही’ अशी यादी या सगळ्या सेवांमध्ये ठेवता येते. पाठवण्याआधी यंत्र ती तपासतं.

आमच्या त्या यादीतला पहिला पत्ता त्यांचा आहे, ज्यांना बेसनाचे लाडू आवडायचे. बाईंना मी त्याच दिवशी माफीचं पत्र लिहिलं. त्यात फराळाचा शब्दही नव्हता. त्यांचं उत्तर आलं नाही, आणि येण्याची अपेक्षाही नव्हती. पण दर दिवाळीला पहिली ईमेल पाठवण्याआधी मी ती यादी उघडतो आणि मग मुख्य यादी वरून खाली वाचतो. २१८ नावं वाचायला वीस मिनिटं लागतात. वाचता वाचता लक्षात येतं की यांच्या मुलाचं लग्न झालं, हे आता भोपाळला गेले, यांच्या आईंचं यंदा वर्षश्राद्ध आहे, तेव्हा ‘शुभ दीपावली’च्या जागी काहीतरी वेगळं लिहायला हवं. हे काम मी यंत्राला सांगितलेलं नाही.

तुम्हाला गृहपाठ एवढाच. आज रात्री दुकान बंद केल्यावर तुमची यादी उघडा, ती वहीत असो, फोनमध्ये असो की संगणकात. प्रत्येक नावापुढे स्वतःला विचारा, याने पत्ता कशासाठी दिला होता? ज्याचं उत्तर देता येणार नाही ते नाव बाजूला काढा. जी उरतील, पंचवीस असोत की अडीचशे, ती तुमची गिऱ्हाइकं. त्यांना उद्या एक साधी, कामाची ईमेल लिहा आणि खाली स्वतःचं नाव घाला.

जय हिंद.